भिंत सगळ्यात शेवटी फोडली

आमचं साड्यांचं दुकान सांगलीत, कापडपेठेच्या अंगाला. आप्पांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी एका गाळ्यात सुरू केलेलं, मी लग्न होऊन आले तेव्हा घरातच होते, पोरं शाळेत जायला लागल्यावर दुकानात बसायला लागले आणि आता खरेदी, हिशोब माझ्याकडं, गिऱ्हाईक नवऱ्याकडं आणि गल्ल्यावर अजून आप्पाच. शेजारचा गाळा भांड्याच्या दुकानाचा, ते काका थकले, मुलं पुण्याला, त्यांनी विकायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा आप्पांनाच विचारलं. २०२२ च्या दिवाळीनंतर सौदा झाला आणि २०२३ मध्ये दोन्ही गाळे मिळून एक दुकान केलं, तेही एक दिवस शटर खाली न ठेवता. आता ओळखीतले दोघंतिघं असंच काम काढायच्या तयारीत आहेत आणि सारखं विचारतात की कसं जमवलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच की तीन महिने बंद ठेवून झटपट का नाही उरकलं. ठेकेदारानंही तेच सुचवलं होतं, बंद ठेवलं तर काम लवकर आणि स्वस्तात होईल असं त्याचं म्हणणं आणि ते खरंही होतं. पण साडीच्या दुकानाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे बस्ता. आमच्या भागात लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून बस्ता बांधायला येतात, जत, कवठेमहांकाळ, तासगाव, तिकडं अथणी, चिकोडीपर्यंतची, एका बस्त्याला पंधरावीस माणसं सहज, नवरीचा शालू, हळदीची साडी, मग करवल्या, मावश्या, आत्या, मानपानाच्या साड्या, आहेराच्या साड्या, सगळं एका बैठकीत. आणि हा बस्ता एकदा ज्या दुकानात बांधला तिथंच मग धाकट्या बहिणीचा बांधतात, चुलतभावाचा बांधतात, वीस वर्षांनी नवरीच्या लेकीचापण तिथंच. अशी घरं आमच्याकडं आहेत ज्यांच्या तीन पिढ्यांचे बस्ते आप्पांनी बांधलेत. ते घर एकदा आलं आणि शटर बंद दिसलं तर ते काही उन्हात उभं राहणार नाही, समोरच्या दुकानात जाणार, तिथं चहा मिळणार, साड्या पण चांगल्याच मिळणार, आणि मग आपली पुढची वीस वर्षं गेली. तीन महिन्यांच्या गल्ल्याचं नुकसान हिशोबात मांडता येतं हो, हे नाही मांडता येत. म्हणून आम्ही ठरवलं की काम कितीही लांबू दे, बस्त्याची बैठक एक दिवस मोडायची नाही, बाकी सगळं शेड्युल त्या एका गोष्टीभोवती लावायचं.

शेड्युल लावलं पंचांग घेऊन. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. म्हणजे १९ जूनला आषाढ लागला, मग धोंड्याचा महिना, मग निज श्रावण, आणि गणपती गेले १९ सप्टेंबरवर. एखाद्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटाला येतात तेव्हा सुताराचा हात अजून चालू असतो, त्या वर्षी मधे पूर्ण महिना जास्तीचा मिळाला. चातुर्मासात आमच्याकडं लग्नं जवळपास थांबतात, तुळशीचं लग्न २४ नोव्हेंबरला होतं त्यामुळं खरी लगीनसराई तिथून पुढं. आप्पांनी कॅलेंडरवर पेनानं रेघा मारल्या आणि म्हणाले, "असं वर्ष परत लवकर मिळायचं नाही, काढा काम." फक्त एक, की धोंड्याचा महिना म्हणजे लग्नं नसली तरी दुकान ओस नसतं. लेकी-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात, जावयाला वाण द्यायचं, लेकीला साडी घ्यायची, त्यामुळं आया लेकींना घेऊन येतातच, बजेट मध्यम पण येणं रोजचं. तेव्हा त्या महिन्यात दुकान नीट बसलेलं पाहिजे, अर्धवट पसारा चालणार नाही, हे आधीच धरलं.

इंजिनिअरनी पहिल्या भेटीत जी गोष्ट सांगितली तिच्यावर सगळं काम उभं राहिलं. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात होतं की गाळा घेतला की पहिल्यांदा मधली भिंत पाडायची, मग मोठी जागा झाली की फर्निचर वगैरे. ते म्हणाले, भिंत सगळ्यात शेवटी. जोपर्यंत भिंत उभी आहे तोपर्यंत तुमच्याकडं दोन दुकानं आहेत, एकात काम आणि एकात धंदा. भिंत पाडली की एकच दुकान आणि त्यात दोन्ही. हे इतकं सरळ आहे पण आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं. मग क्रम असा ठरला की नवा गाळा पूर्ण तयार करायचा, अगदी लाईट, एसी, रॅक, गादीसकट, मग जुनं दुकान सगळं उचलून नव्यात न्यायचं, मग रिकाम्या जुन्या गाळ्याचं काम, आणि मग भिंत. दर्शनी भाग आणि बोर्ड पितृपक्षात, कारण पितृपक्षात नवीन कपडा घ्यायला कोण येत नाही, आणि घटस्थापनेला १५ ऑक्टोबरला पूर्ण दुकान उघडं.

आता ती भिंत. दोन्ही गाळे जुन्या लोडबेअरिंग बांधकामातले, मधली भिंत दीड विटेची आणि वरच्या स्लॅबचा भार तिच्यावर. नवऱ्याची इच्छा होती की सगळीच काढून एक सलग हॉल करावा. इंजिनिअर नाही म्हणाले, दोन मोठे दरवाजे काढू आणि मधे भिंतीचा खांब ठेवू, सलग काढायची तर वरचा भार पेलणारा लोखंडी गर्डर फार मोठा लागेल आणि मधे वाकायची भीती. ते ऐकलं आणि बरंच झालं, त्या खांबावर आता दोन्ही बाजूनी पूर्ण उंचीचे आरसे आहेत, बायका पदर खांद्यावर टाकून तिथंच उभ्या राहतात.

गर्डर बसवायची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. भिंत जाड असल्यामुळं एका मोठ्या गर्डरऐवजी शेजारी शेजारी दोन बसवायचे. नवा गाळा रिकामा होता तेव्हा त्या बाजूनं भिंतीत फक्त अर्ध्या जाडीची आडवी खाच मारली, दोन्ही टोकांना काँक्रीटचे ठोकळे करून ते पक्के होऊ दिले, स्लॅबला खालून जॅक लावले, मग लोखंडी आय-गर्डर खाचेत सरकवला आणि वरच्या विटा आणि गर्डर यांच्या मधली फट न आकसणारं ग्राउट म्हणजे सिमेंटचा मसाला ठासून भरली. मिस्त्री लाकडाच्या पट्टीनं ते इंच इंच ठासत होता आणि इंजिनिअर स्वतः बॅटरी मारून बघत होते, कारण म्हणे तिथं जरा पोकळी राहिली तर भार गर्डरवर येतच नाही, मग खालची भिंत काढली की वरची बसते आणि स्लॅबला तडा जातो. एवढं करून खाच बंद करून प्लॅस्टर केलं आणि पुढचे दोन अडीच महिने तो गर्डर तसाच भिंतीत. धंदा नव्या गाळ्यात हलल्यावर मग जुन्या गाळ्याच्या बाजूनं दुसरी अर्धी खाच, दुसरा गर्डर, दोन्ही आरपार बोल्टनं जोडले. म्हणजे भिंत फोडायची वेळ आली तेव्हा भार आधीच गर्डरवर गेलेला, राहिलं फक्त विटा काढायचं काम. तेपण ब्रेकर न लावता छिन्नी-हातोड्यानं, वरून खाली, सकाळच्या पाळीत. श्रावणात एका सकाळी पहिला दरवाजा आरपार झाला तेव्हा नव्या बाजूला प्लायचा आडोसा होता आणि त्याच्या अलीकडं आमच्या दुकानातले जुने मामा एका बाईंना काठपदर दाखवत होते.

परवानगीचं फार लांबवत नाही. लोडबेअरिंग भिंतीला हात लावायचा म्हणजे लायसन्सवाल्या इंजिनिअरमार्फत महापालिकेत अर्ज, नकाशे, स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचा दाखला, हे सगळं डिसेंबर-जानेवारीतच टाकलं होतं आणि तेच शहाणपणाचं, कारण कागद हलायला त्याचा त्याचा वेळ घेतो. महावितरणला लोड वाढवून घ्यायचा अर्जही तेव्हाच. दोन्ही गाळ्यांचे एसी आणि लाईट धरले तर २० किलोवॅटच्या वर जायला लागलं होतं आणि २० च्या वर गेलं की व्यापारी दराचा गट बदलतो, म्हणून वायरमनला घेऊन बसलो, इन्व्हर्टर एसी घेतले, लाईटचा हिशोब परत केला आणि खालीच राहिलो. तुमचं असं काठावर असेल तर आधी बसून बघाच.

सांगलीत दुकान म्हणजे पुराचा विचार केल्याशिवाय फळीसुद्धा मारता येत नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, तेव्हा पेठेची काय अवस्था झाली ते सांगलीकरांना सांगायला नको, २०२१ ला परत. आमच्या जुन्या गाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची खूण आप्पांनी जिन्याच्या भिंतीवर पुसू दिली नव्हती. इंटेरियरवाल्यानं जे डिझाईन आणलं त्यात खालपासून वरपर्यंत सुंदर प्लाय आणि खाली ड्रॉवर, मी त्याला ती खूण दाखवली. एवढ्या उंचीचा पूर आला तर खालचं काहीच वाचणार नाही, ते सोडा, पण दोनतीन फुटाचं पाणी येऊन जाण्याची शक्यता जास्त, तेव्हा निदान तेवढ्यात फर्निचर टिकलं पाहिजे. मग खालचे दोन कप्पे कडप्प्याचे केले, लोखंडी फ्रेमवर, त्याच्या वर प्लाय, तोही मरीन ग्रेडचा. स्विचबोर्ड सगळे छातीच्या वर, मेन डीबी म्हणजे विजेची मुख्य पेटी माळ्यावर. खालच्या कडप्प्यावर फक्त डेलीवेअर आणि आहेराच्या साड्या, त्यापण गठ्ठ्यानं, म्हणजे नदीचं पाणी वाढायला लागलं की पोरं भराभर वर नेतात. त्या पावसाळ्यात पाऊस उशिरा आला, जून अर्धा कोरडा गेला आणि नव्या गाळ्याच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निवांत वाळलं, ऑगस्टही कोरडाच. पेठेतल्या धंद्याच्या दृष्टीनं बरं झालं पण शेतकरी गिऱ्हाईक रोज आभाळाकडं बघत होतं, त्याचा परिणाम दिवाळीत जाणवला.

धूळ. ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं कारण माल माझ्या जीवावरचा. जरीला सिमेंटची धूळ बसली की झटकून जात नाही, घडीच्या कडेला राखाडी रेघ येते आणि मग ती साडी कुणीच घेत नाही. सगळे सांगतात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. पावसाळ्यात सिल्क प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवली तर आतल्या आत ओल धरते, जरीचे धागे काळे पडतात, वास येतो. म्हणून पैठण्या, कांजीवरम, बनारसी आणि भारीतले शालू मी सरळ घरी हलवले, वरच्या मजल्यावरच्या कपाटात, प्रत्येक साडी धुतलेल्या मलमलमध्ये, आणि दर आठवड्याला घड्या बदलायच्या. दुकानात प्रत्येक प्रकारातल्या मोजक्या ठेवल्या, बस्ता बसला की फोन, घर पेठेपासून लांब नाही, पोरगं स्कूटरवर जाऊन बोचकं घेऊन यायचं. सिंथेटिक आणि कॉटनला प्लॅस्टिक चाललं.

धूळ आत येऊ नये म्हणून भिंत होतीच, पण पुढच्या पायरीला आणि मागच्या बोळाला दोन्ही गाळे एक होते. तिथं प्लायचे आडोसे, फटींना फोम आणि वरून चिकटपट्टी, उंबऱ्यावर ओलं पोतं. आणि एक युक्ती वायरमननं सांगितली ती फार कामाची, कामाच्या बाजूला मागच्या खिडकीत मोठा एक्झॉस्ट फॅन बसवून सतत चालू ठेवायचा, म्हणजे हवा दुकानाकडून कामाकडं ओढली जाते आणि धूळ मागं बाहेर. फरशी कापायचं काम गाळ्यात नाहीच, मागच्या बोळात, पाणी सोडत. आणि फर्निचरला पॉलिश केलं नाही, सगळं सनमायका, कारण पॉलिशचा वास सिल्कमध्ये बसला की महिनोन्महिने निघत नाही आणि नवरीचा शालू उघडल्यावर थिनरचा वास आला तर काय सांगणार.

आवाजाचं ठेकेदाराबरोबर आधीच लिहून घेतलं होतं. ब्रेकर, ड्रिल, कटिंग सकाळी दुकान उघडायच्या आत, आणि दिवसा जे काही ठोकाठोकीचं असेल ते बस्ता बसला की थांबवायचं. त्यासाठी गल्ल्याजवळ बेलचं बटण लावलं आणि बेल कामाच्या बाजूला. ती वाजली की आवाज बंद. ठेकेदार पहिल्यांदा तयारच नव्हता, "वहिनी, माणसं बसून राहिली तर हजेरी कोण देणार", त्याचं बरोबरच होतं. मग असं ठरलं की रोज दोन प्रकारची कामं तयार ठेवायची, एक आवाजाचं आणि एक बिनआवाजाचं, बेल वाजली की माणसं प्रायमर, वायर ओढणं, पुट्टी घासणं ह्याच्यावर जाणार, आणि दोन तासांच्या वर आवाजाचं काम अडलं तर पुढच्या वेळेची हजेरी आम्ही देणार. हे लिखित होतं त्यामुळं कधी वाद झाला नाही. दुकान चालू ठेवून काम करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की बाकी काही लिहून घ्या न घ्या, हे घ्या.

धोंड्याच्या महिन्यातला एक बस्ता सांगते. जतकडचं घर, मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर पण बेदाण्याचे पैसे आले होते म्हणून साड्या आत्ताच घेऊन टाकू असा विचार. आम्ही नुकतेच नव्या गाळ्यात हललेलो, पलीकडं जुन्या गाळ्यात जुनी फरशी उखडत होते. आजी, नवरीची आई, दोन्हीकडच्या आत्या, पोरंबाळं. दारात आल्या आल्या आजी थबकल्या, म्हणाल्या, "आवं आप्पा, दुकान इकडं कधी आलं?" आप्पांनी गल्ल्यावरून उठून त्यांचा हात धरून गादीवर बसवलं. बेल वाजली, पलीकडचं शांत झालं. शालू सुरू झाले. मामा एक एक उघडतायत, पदर पसरतायत, नवरी लाजून काही बोलत नाही, आत्यांना डाळिंबी पाहिजे, आईला राणी कलर, आणि आजी सगळं नुसतं बघतायत. शेवटी एक मोरपंखी काठाचा उघडला तेव्हा आजींनी मांडीवर घेतला, काठ दोन बोटांत धरून चोळला, उलटा करून मागच्या बाजूचे धागे बघितले आणि नवरीकडं बघून फक्त "हं?" म्हणाल्या. तिनं मान हलवली. झालं. पुढचा सगळा बस्ता मग भराभर. तीनसाडेतीन तास बसले असतील. ठेकेदाराला वरच्या वेळेची हजेरी दिली आणि मला त्या हजेरीचं काही वाटलं नाही.

ह्याच्यावरूनच दोन गोष्टी आम्ही डिझाईनमध्ये बदलू दिल्या नाहीत. हल्ली बरेच शोरूम बस्त्याचा हॉल वरच्या मजल्यावर करतात, खाली रोजचं गिऱ्हाईक, वर बस्ता, एसी, सोफे. दिसायला भारी असतं. पण बस्त्यात निर्णय बऱ्याचदा आजीचा असतो आणि आजीचे गुडघे दुखत असतात. आमची बस्त्याची गादी खालीच, दारातून सरळ, आणि तिच्या कडेला टेकून बसायला कट्टा, खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी. दुसरं म्हणजे बायकांसाठी स्वच्छ संडास आणि लेकुरवाळ्यांसाठी पडद्याआड छोटी जागा. इंटेरियरवाला म्हणत होता एवढ्या जागेत दोन रॅक जास्त बसतील. अथणीहून एसटीनं आलेली बाई चार तास बसणार असेल तर तिला रॅकचा काय उपयोग? मी स्वतः बस्त्याला जाऊन अवघडून बसलेली आहे, ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही.

विमा आणि बँकेचं कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. मी भारीतला माल घरी नेला, पण विम्याच्या पॉलिसीवर पत्ता दुकानाचा असतो. घरी काही झालं असतं तर कंपनी म्हणाली असती हा पत्ता आमच्याकडं नाही. एजंटला सांगून घरचा पत्ता आणि तिथल्या मालाची रक्कम पॉलिसीला जोडून घेतली, नंतर नव्या गाळ्याचाही पत्ता, आणि दुकानात बांधकाम चालू आहे, वेल्डिंग होणार आहे हेही लेखी कळवलं, कारण जागेत मोठा बदल न सांगता केला तर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा निघतो. बँकेची सीसी म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज मालाच्या तारणावर आहे, तेव्हा माल कुठं आहे हे त्यांनाही पत्रानं कळवलं. आणि सीसीतला पैसा बांधकामात घालायचा नाही हे आप्पांचं पहिल्यापासून, बांधकामाला वेगळं टर्म लोन. सीसी फर्निचरमध्ये अडकली की सुरतवाल्याला पैसे द्यायला काय राहणार, आणि दुकान मोठं करून रॅक रिकामे दिसले तर गिऱ्हाईक लगेच ओळखतं.

जीएसटीचं थोडक्यात. बांधकामाचं सिमेंट, स्टील, फरशी, ठेकेदाराचं बिल, ह्यावरचा टॅक्स इमारतीत भांडवली धरला की त्याचं क्रेडिट मिळत नाही, कलम १७(५). सिमेंट तेव्हा २८ टक्के, बाकीचं १८, आणि आपण साडीवर लावतो ५. सुटं फर्निचर, काउंटर, कॉम्प्युटर ह्यांचं मात्र मिळतं. म्हणून सीएनं सांगितलं की एकच मोठं "शोरूम रिनोव्हेशन" असं बिल घेऊ नका, बांधकामाचं वेगळं, सुट्या रॅक-काउंटरचं वेगळं, नीट वर्णनासकट. रॅक आम्ही बोल्टनं जोडायचे सुटे केले त्याचं हेही एक कारण, पूर येणार म्हटल्यावर सोडवता येतात हे दुसरं.

हलवाहलवीच्या आधी प्रत्येक रॅकचे मोबाईलवर फोटो काढले आणि कप्प्याकप्प्याला अक्षर आणि नंबर चिकटवले. मामा तीस वर्षं आमच्याकडं आहेत, डोळे मिटून सांगतील इरकल कुठं, नऊवारी कुठं, पण जागाच बदलली की त्यांचा हात सवयीनं जुन्या ठिकाणी जाणार. म्हणून नव्या गाळ्यात क्रम तोच ठेवला, दारापासून आत, डावीकडचं डावीकडं. दुपारची गर्दी ओसरली की रोज थोडे कप्पे हलायचे, बारकोड मारत मारत, म्हणजे मोजणीही झाली आणि जुना पडून राहिलेला माल वर आला, तो आषाढ सेलला काढला. पोरांना त्या काळात पगार पूर्ण, वर हलवाहलवीचे वेगळे. दोन नवीन पोरी घेतल्या तेव्हा माणसं दहा झाली, आणि तेव्हा दहाच्या आत असताना शॉप अॅक्टची नुसती सूचना दिलेली चालायची, दहा झाले की नोंदणी करावी लागायची, ती केली.

रस्त्यावरून बघणाऱ्याला दुकान बंद वाटतं हा सगळ्यात मोठा त्रास. वाळू, विटा, पराती दिसल्या की लोक दारातूनच परत. पेठेत तर दुकान विकलं अशीसुद्धा आवई उठली होती. फ्लेक्स लावला, व्हॉट्सअॅपवर जुन्या गिऱ्हाइकांना फोटो पाठवले, पण खरा उपयोग झाला तो आप्पांचा. ते सकाळी दहाला खुर्ची टाकून दारात बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला नावानं हाक मारायचे. ज्या दिवशी आप्पा दारात नसत त्या दिवशी गल्ला कमी असायचा, हे मी हिशोब लिहिणारी म्हणून सांगते.

लाईटवर पैसे घातले ते वसूल झाले. साडीच्या दुकानात नेहमीचं म्हणजे "उजेडात बघू या" आणि बाई साडी घेऊन रस्त्यावर, कारण आतल्या पांढऱ्या ट्यूबखाली वांगी कलर निळा दिसतो आणि घरी गेल्यावर भांडण. आम्ही ९० च्या वर सीआरआयचे दिवे घेतले, सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, चार हजार केल्विनचे, महाग पडले. निवडताना दुकानदाराचं न ऐकता मी तीच वांगी पैठणी घेऊन गेले आणि एकेका दिव्याखाली धरून, बाहेर नेऊन परत बघितली. आता बाहेर जाणाऱ्या बायका खूप कमी झाल्यात, तरी ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्यायचं, पोरांना सांगून ठेवलंय अडवायचं नाही.

पितृपक्षात दर्शनी भाग. काचेचं काम ज्याला दिलं होतं त्यानं अॅडव्हान्स घेऊन तारीख पाळली नाही, घटस्थापनेला काच नव्हतीच, दोन शटर, झेंडूचं तोरण आणि नवा बोर्ड एवढ्यावर दुकान उघडलं. बोर्डावर दुकानाचं नाव मराठीत मोठं, इंग्रजी खाली बारीक, आता कायद्यानंही मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत पण आप्पांचा बोर्ड पहिल्यापासून तसाच होता. काच दसऱ्यानंतर आली. लगीनसराईत पहिल्यांदाच दोन बस्ते एका वेळी दोन गाद्यांवर बसले, पूर्वी दुसऱ्या घराला आप्पा "जरा गणपतीच्या देवळात जाऊन या" म्हणून थांबवायचे.

वरच्या मजल्याचं काम तेव्हा पैशाअभावी सोडलं होतं, तिथं गोडाऊन आणि फॉल-पिको, ब्लाऊज शिवून द्यायचं युनिट करायचंय. परत पंचांग काढलंय, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, ऐन लगीनसराईत महिनाभर लग्नं नाहीत आणि पाऊस पडायच्या आत स्लॅबचं काम बसतंय. सिमेंटवरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आलाय. इंजिनिअर येऊन माप घेऊन गेलेत, जिना आतून न काढता मागच्या बोळातून काढायचा, म्हणजे खाली धंद्याला धक्का नाही. ठेकेदार तोच आहे, बेलची अट त्यानं ह्या वेळी स्वतःच कोटेशनमध्ये लिहून आणली.